होलुबचं कुरण कोणी बंद केलं

व्हर्ना होलुब एप्रिलच्या नऊ तारखेला वारली. नव्वद वर्षांची होती. आमच्या चर्चच्या पत्रकात तिच्यावर सहा ओळी आल्या. त्यांतली चौथी अशी: "१९५७ साली त्यांनी आपलं लाडकं ड्राइव्ह-इन चित्रपटगृह स्वेच्छेने बंद केलं." पत्रक काढणारी डार्ला वर मला म्हणते, "ॲग्नेस आजी, चर्चच्या शताब्दीच्या पुस्तकासाठी ड्राइव्ह-इनची एखादी गोड आठवण द्या ना." गोड हवं असेल तर डार्लाने बेकरीत जावं. माझ्याकडे १९४४ पासूनच्या डायऱ्या आहेत. 'स्वेच्छेने' हा शब्द त्यांत कुठेही नाही.

होलुबांच्या शेताच्या दक्षिणेला बारा एकरांचा खारट तुकडा होता. आमच्या नेब्रास्कात जिथे मका धरत नाही तिथे काहीच धरत नाही. १९५० च्या वसंतात व्हर्नाने त्यात मातीचे लांब बांध घातले, गाड्यांची नाकं वर व्हावीत म्हणून. जुन्या धान्यकोठाराचे पत्रे उभे करून पडदा केला. दर मे महिन्यात ती स्वतः शिडीवर चढून त्याला पांढरा रंग द्यायची. नवरा क्लेटस दारावर तिकिटं फाडायचा, सिनेमाचं मशीन मात्र तिचं. लोक आपापल्या गाडीत बसूनच सिनेमा बघायचे आणि त्या जागेला होलुबचं कुरण म्हणायचे. पोरांना झोपायचे कपडे घालूनच आणायचे, म्हणजे परतल्यावर उचलून थेट अंथरुणात. रीळ तुटलं की सगळे हॉर्न वाजवायचे आणि व्हर्ना मशीनच्या खोपटातून ओरडायची, "अरे गाई आटतील माझ्या! थांबा की जरा!"

खांबावरचा स्पीकर गाडीच्या काचेला अडकवायचा आणि निघताना परत ठेवायचा. दर आठवड्याला कोणीतरी विसरायचं आणि वायर तोडून स्पीकरसकट घरी जायचं. त्याची गावात रीत पडली होती. सोमवारी सकाळी तो स्पीकर आणि घरी भाजलेले डझनभर कोलाचे, म्हणजे आलुबुखाऱ्याचा गर भरलेले गोड पाव, घेऊन व्हर्नाच्या स्वयंपाकघरात जायचं. ती तिथेच टेबलावर वायरला डाख द्यायची, त्यांतला एक पाव खायची आणि विषय संपायचा. माझ्या नवऱ्याने, लिओनार्डने, एका उन्हाळ्यात तीनदा तोडला. भाजायला अर्थात मी.

१९५६ च्या जुलैत व्हर्नाने बाळंतपणावरचा एक चित्रपट मागवला. मंगळवारी बायकांना, बुधवारी पुरुषांना, शिवाय एक नर्स येऊन बोलणार होती. व्हर्नाची धाकटी बहीण एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली होती. दोन दिवस रक्त जात होतं आणि इतकं जाऊ नये हे घरात एकालाही ठाऊक नव्हतं.

आमच्या चर्चचे फादर श्टोकमन तिच्या अंगणात गेले. वेदीची फुलं मांडीवर घेऊन मी त्यांच्या गाडीत बसले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"व्हर्ना, हे चित्र लागणार नाही."

"फादर, तुमच्याकडे प्रार्थनेला येणारी पोरं दर मार्चमध्ये गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून वासरं ओढतात. तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"बाई म्हणजे गाय नव्हे."

"तेच म्हणते मी. गाईसाठी डॉक्टर बोलावतात."

वाईट चित्रपट बघणार नाही, अशी शपथ आम्ही दर डिसेंबरात चर्चमध्ये उभं राहून, हात वर करून घ्यायचो. त्या वर्षी फादरांनी ती जुलैत पुन्हा घ्यायला लावली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर टिपायला माणूस हवा झाला. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आठ वर्षं बोटांवर पट्टी मारून माझं अक्षर घडवलं होतं. "ॲग्नेस, तुझ्याइतकं नीटनेटकं कोण लिहिणार?" फादर म्हणाले, आणि मी फुगले. मी सहा महिन्यांची पोटुशी होते.

दोन्ही संध्याकाळी मी फादरांच्या गाडीत, कुरणाच्या दारासमोरच्या कॉटनवुडच्या झाडाखाली बसले. ऊन होतं, पाट्या स्वच्छ दिसत होत्या. एक्केचाळीस गाड्या झाल्या. एक्केचाळिसावी आमची हिरवी पिकअप होती. लिओनार्ड मला सांगून गेला होता की चुलतभावाकडे गवत बांधायचं यंत्र दुरुस्त करायला चाललोय.

डायरीत मी एक्केचाळीस नंबर लिहिले. फादरांना दिलेल्या कागदावर चाळीस.

रविवारी त्यांनी ते वेदीवरून वाचले. प्रत्येक नंबरानंतर थांबायचे, ज्याची गाडी त्याची मान खाली जाईपर्यंत. लिओनार्ड माझ्या शेजारी टोपी धरून ताठ बसला होता. त्याचा नंबर आलाच नाही. घरी जाताना म्हणाला, "अक्षर मोत्यासारखं गं तुझं, पण मोजायला कच्ची आहेस."

त्यानंतर कुरणात सहा-सात गाड्या दिसायच्या, त्याही लुथरन पंथाच्या लोकांच्या, ज्यांना आमच्या फादरांची शपथ लागू नव्हती. ऑगस्टातल्या एका सोमवारी मी कोलाचे भाजून व्हर्नाच्या दारात उभी राहिले. तिने टोपली पाहिली, मग माझा दुसरा हात.

"स्पीकर कुठाय?"

"तोडला नाही. व्हर्ना, ते नंबर मी..."

"ठाऊक आहे. तिकिटाच्या खिडकीतून दिसत होतीस की. मग हे कशाचे? डाख देता येईल असं काही आणलंयस का?"

मी टोपली पुढे केली.

"घेऊन जा. आणि तूच खा, दोन जिवांची आहेस."

तिने दार लावलं.

ऑक्टोबरात मला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. सासूबाई म्हणाल्या, एवढं जातंच. लिओनार्डने ऐकलं नाही, गाडी पिटाळून डॉक्टर आणला. त्याला कसं कळलं, हे घरात कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच. तो जाऊन अकरा वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात व्हर्नाने मशीन विकलं. पडद्याचे पत्रे चर्चनेच घेतले, फादरांच्या गाडीखान्याच्या छपरासाठी. आतून वर बघा, तिचा पांढरा रंग अजून आहे. फादरांचं नाव सभागृहाला दिलंय. व्हर्नाला सहा ओळी, त्यांतली एक खोटी.

तर डार्ला, ही घे आठवण. डायरीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. 'स्वेच्छेने' छापणार असाल तर माझा मजकूर घेऊ नका. 'बंद पाडलं' छापणार असाल तर कोणी पाडलं तेही छापा, आणि त्या यादीत पहिलं नाव माझं घाला. या खेपेला मोजायला चुकू नका.