मयताला बोलावणं लागत नाही

मिशिगनचा स्नो आमच्या ह्यांना सोसेना, म्हणून रिटायर झाल्यावर आम्ही फ्लॉरिडातल्या ह्या समुद्राकाठच्या गावात आलो. 'आम्ही' आपलं म्हणायचं. ठरवलं ह्यांनीच. ॲन आर्बरमधल्या माझ्या मैत्रिणी, शुक्रवारचं भजन, भिशी, एकमेकींच्या घरी फिरणारे डबे, सगळं सोडून मी मुकाट्यानं ह्यांच्या मागून आले. इथं येऊन बघते तर निम्मं गाव ग्रीक. समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला त्यांचे आजे-पणजे इथं आले आणि इथलेच झाले. जानेवारीत पाद्री पाण्यात क्रूस टाकतो आणि पोरं थंडीत उड्या मारून तो शोधतात. ईस्टरला लाल अंडी एकमेकांवर आपटतात. हे सगळं आम्ही कडेला उभं राहून बघायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन आमटीभात खायचा. पाव्हण्यांना दाखवायला बरं. राहायला? छे!

मला गाव नको होतं हो, एक माणूस हवं होतं. डबा घेऊन जिच्या स्वयंपाकघरात सरळ शिरता येईल अशी एक बाई.

ती शेजारीच होती. माझ्याहून थोडी मोठी, विधवा, बारा महिने काळ्या कपड्यांत. तिच्या मांडवावर द्राक्षाचा वेल, कुंपणाशी लिंबाचं झाड. ती लिंबं द्यायची, अंजिरं द्यायची. मी एकदा अळूवड्या दिल्या. त्या उलगडून बघत ती म्हणाली, "आम्हीपण पानं गुंडाळतो. द्राक्षाची. आत भात आणि मटण." मी म्हटलं, मी मटण खात नाही. तिनं मान डोलावली, चार वड्या तिथंच उभ्याउभ्या संपवल्या आणि बोटं चाटली. इतकी वर्षं इथं काढली, पण त्या दिवसाइतकी मी कधी खूश झाले नाही.

पहिल्या ऑगस्टमध्ये ती कुंपणावरून म्हणाली, "उद्या पंधरा तारीख. माझा दिवस."

मी म्हटलं, हॅपी बर्थडे. ती हसली. म्हणाली, बर्थडे नाही, नावाचा दिवस. तिचं नाव देवाच्या आईचं, आणि पंधरा ऑगस्ट हा त्या आईचा सण. एवढं सांगून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मीही उभी. आता 'ये' म्हणेल, मग म्हणेल. थोड्या वेळानं ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिचं दार सकाळपासून सताड उघडं. रिबीन बांधलेले मिठाईचे खोके घेऊन माणसं येताहेत, हसताहेत, गाड्या आमच्या दारापर्यंत. आणि आमच्या घरात? ह्यांनी लाल किल्ल्यावरचं भाषण मोठ्यानं लावलेलं आणि मी पडद्याआड.

"गाव लोटलंय," हे म्हणाले. "आपल्याला मात्र बोलावलं नाही. बघून ठेव."

"सांगितलं होतं तिनं, माझा दिवस आहे म्हणून."

"सांगणं म्हणजे बोलावणं नव्हे. मान न मान, मैं तेरा मेहमान? आपल्यात असं करतात का?"

फ्रीमाँटला राहणाऱ्या आमच्या मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, जस्ट गो ना! काय होतंय?" हे म्हणाले, त्याला काय कळतंय.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. एकदा मी हिय्या केला. इरकली नेसले, डब्यात नारळाच्या वड्या भरल्या आणि फाटकापर्यंत गेले. मागून ह्यांचा आवाज, "कुठं निघालीस नटूनथटून? कुणी कुंकू लावून आमंत्रण दिलंय का?" तो आवाज चारचौघांत जाईल म्हणून मी परत फिरले. वड्या आम्हीच खाल्ल्या. हळूहळू कुंपणापाशीही बोलणं कमी झालं. ती 'हाय' म्हणायची, मी 'हाय' म्हणायचे.

ह्या वसंतात ती गेली. झोपेतच. ह्यांनी कपाटातून काळा कोट काढला. "चल," म्हणाले. "मयताला बोलावणं लागत नाही."

चर्चमधून सगळे तिच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. तिच्या मुलीनं कॉफी दिली आणि थबकली. "तुम्ही अळूवड्यावाल्या ना? आई दर वर्षी तिच्या दिवसाला तुमच्यासाठी बिनमटणाच्या पानांचं वेगळं भांडं ठेवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही."

"पण आम्हाला बोलावलंच नव्हतं," हे म्हणाले.

ती गोंधळली. "नावाच्या दिवसाला कुणालाच बोलावत नाहीत. दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो." मग खाली बघत म्हणाली, "आईला वाटायचं, तुम्हाला आमच्या घरचं चालत नसावं."

कॉफीचा कप तसाच ठेवून मी बाहेर आले.

फाटकाशी हे म्हणतात, "निदान एकदा स्पष्ट सांगायचं ना तिनं! आपल्याला कसं कळणार?"

"आणखी काय, दवंडी पिटायला हवी होती?" मी ओरडलेच. रस्त्यावर उभी राहून, सगळ्यांसमोर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो हा असा. मेला तो मान! त्याच्यापायी माझं एकुलतं एक माणूस गेलं, आणि ते जाताना मनात हे घेऊन गेलं की ही बाई आपल्याला कमी लेखते.

परवा पंधरा ऑगस्ट झाला. शेजारचं घर बंद, अंगणात 'फॉर सेल'ची पाटी. मांडवावरची पानं तोडून आणायला मला कुणी अडवलं नाही. ती उकडली, आत नुसता भात भरून गुंडाळली, ताटात मांडली आणि आमचं पुढचं दार सताड उघडून खुर्चीत बसले. कुणी येणार नव्हतं. कुणाला ठाऊकच नव्हतं.

आतून भाषणाचा आवाज कमी झाला. "अगं, दार लाव. एसी चालू आहे."

"लावायचं तर तुम्हीच लावा," मी म्हटलं. "आजवर तुम्हीच लावत आलात."