औंढ्याच्या पणजीचा फोटो

ही हकीकत मी आजवर टाळली. बायकोलाही शपथ घातली होती. पण गेल्या वर्षी औंढ्याच्या अश्विनीनं आमच्या कामशेतच्या स्टुडिओत एक जुनी फ्रेम काउंटरवर ठेवली आणि मी ती लगेच ओळखली.

"माझी पणजी. हिचा मोठा प्रिंट हवाय."

पोरगी पुण्यात फोटोग्राफी शिकलेली. लोणावळ्याला तिचं पहिलंच प्रदर्शन होतं. पणजीसारखं नऊवारी नेसून, तसंच बसून तिनं स्वतःचे फोटो काढले होते. आपण कोण, कुणाच्या, हे त्यातून शोधायचं म्हणे.

"बघा ना काका, नजर सेम आहे."

नजर माझी होती.

त्याचं असं झालं. तरुणपणी आमचा निम्मा धंदा गेलेल्या माणसांवर चाले. घरात फोटो नसायचा. मग नातेवाईक वर्णन सांगत. आम्ही साधारण तशा माणसाचा फोटो काढून निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं नाक-हनुवटी जुळवायचो. याला रिटचिंग म्हणतात. अश्विनीचे आजोबा शंकरआबा, त्यांची आई गेल्यावर असेच आले. "कपाळ मोठं, नजर करडी," एवढंच त्यांना सांगता आलं. पण मेलेल्या बाईच्या जागी कोणती बाई बसणार? माझ्या बायकोनं साफ नकार दिला. लुगडं आणि नथ मात्र काढून दिली.

शेवटी मीच मिशी उतरवली. शेजारचा किराणावाला धावत आला, घरात कोण गेलं विचारायला.

"गिऱ्हाइकाची आई," मी म्हणालो.

बायकोनं हसू आवरत बटण दाबलं. फोटो बघून आबा रडले. "आईच हाय," म्हणाले. मी फ्रेम बांधून दिली.

अश्विनीला मात्र सांगायलाच हवं होतं. तिचं सगळं काम त्या चेहऱ्यावर उभं होतं. प्रिंट नेताना सांगू म्हटलं, तर ती घाईत. मग उद्घाटनाला गेलो.

भिंतीवर माणूसभर उंचीचा मी, नऊवारीत. शंकरआबा काठी टेकत आले आणि फोटोपुढे वाकले. मी शेजारीच उभा. हात आशीर्वादाला उठत होता, तो खिशात कोंबला.

"पोरीत माजी आई उतरलीया," आबा मला म्हणाले. "तुमी नसता तर ती आमाला कुटं दिसली असती?"

मागून कुणीतरी म्हणालं, पोरीचं नाक तर थेट पणजीचंच.

आमच्या धंद्यात फोटो बिघडला तर परत काढता येतो. फार चांगला जमला तर काही इलाज नसतो.

तरी धीर करून मी अश्विनीला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, त्या फोटोबद्दल मला तुझी..."

तिनं कॅमेरा डोळ्याला लावला होता. "काका, हलू नका. उजेड मस्त पडलाय. तोंड मिटा जरा."

मी मिटलं.