कानीहंजीरचा कोयखा

फायक गाडी चालवायचा आणि गप्प बसायचा, म्हणून मामोस्ता रूनाक त्याच्यावर खूश होत्या. त्या विद्यापीठात इतिहास शिकवत, त्यामुळे सगळे त्यांना मामोस्ता, म्हणजे गुरू, म्हणत. सुट्टी लागली की सुलेमानी शहरातून फायकची टोयोटा घेऊन डोंगरातली गावं पालथी घालायची, हा त्यांचा तीन वर्षांचा नेम. देशात राजा होता त्या काळात आगा, म्हणजे जमीनदार, कुळांना वेठीला धरत, पिकाचा निम्मा वाटा नेत. त्याला कुठल्या गावांनी नकार दिला, ते त्यांना लिहून काढायचं होतं. सरकारी कागदांत सगळी आगांचीच बाजू होती. कुळांची बाजू म्हाताऱ्यांच्या तोंडी, आणि म्हातारे एकेक करून चालले होते.

हे म्हातारे मामोस्तांशी जपून बोलत आणि फायकशी मोकळेपणानं. साठीकडे झुकलेला, मिशा पिकलेला, कमरेला पट्टा गुंडाळलेला माणूस चहाचा पेला घेऊन शेजारी टेकला की त्यांची जीभ सैल व्हायची. "कुठला रे तू?" असं कुणी विचारलं की तो म्हणे, "सुलेमानीचा." तेवढ्यावर भागायचं.

कानीहंजीरला मात्र तो आपणहून काही बोलला नाही. ते त्याच्या आईचं माहेर होतं. आई नऊ वर्षांची असताना गावातून बाहेर पडली, ती परत कधी गेलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथे आपलं कोण आहे आता?" आणि उठून चुलीकडे जायची.

गावात तोफिक नावाचे ऐंशीचे गृहस्थ होते. अंगणात गालिचा अंथरला गेला, ताक आलं, काकड्या आल्या. मामोस्तांनी रेकॉर्डर लावला आणि तोफिक सांगू लागले. त्या साली गावानं ठरवलं, आगाला दाणा द्यायचा नाही. रातोरात सगळा तांदूळ वरच्या गुहेत लपवला. पण गावाचा कोयखा ब्रायम, गावाचा प्रमुख तो, फितूर झाला. आगाची माणसं सरळ गुहेवर आली. तीन घरं गावाबाहेर काढली. "आणि त्या कोयखाला आपल्या सावलीचीही लाज वाटली. बर्फ वितळायच्या आत तोंड काळं करून गेला."

फायकनं पेला खाली ठेवला. कोयखा ब्रायम म्हणजे त्याच्या आईचे वडील. त्याला आठवत होते ते तंबाखूच्या वखारीत हमाली करणारे, घरात कुणाशी न बोलणारे आजोबा.

दोन दिवसांत मामोस्तांनी आणखी चौघांना गाठलं. एक बाई तर तेव्हा जन्मलेलीही नव्हती. सगळ्यांनी तेच सांगितलं. परतीच्या वाटेवर मामोस्ता चिडल्या होत्या.

"काक फायक, मला ही गोष्ट आवडत नाही."

"का हो?"

"फार गुळगुळीत आहे. 'सावलीचीही लाज वाटली', पाचही जण हेच म्हणाले. पाच माणसांना एकच वाक्य आठवत नसतं. कुणीतरी ते लिहिलेलं असतं."

शोध घेतल्यावर ते निघालंही. पूर्वी गावच्या शाळेत एक मास्तर होते, त्यांनी नवरोजच्या सणासाठी नाटक बसवलं होतं. ते दर वसंतात अजून होतं. कोयखाचं काम करणाऱ्याला काळी लोकर पांघरायला देतात आणि शेवटी पोरं त्याला ढेकळं मारतात. मामोस्तांनी हे हसत सांगितलं. फायकला हसू आलं नाही.

घरी पोचला तेव्हा त्याची आई खुन्चे दारात बसून भेंडी चिरत होती. तो तिच्यासमोर बसला.

"आई, आजोबांनी गुहा दाखवली का?"

सुरी थांबली. तिनं विचारलंही नाही, कुठली गुहा म्हणून.

"कोण म्हणालं?"

"सगळं गाव म्हणतं."

"मग खरंच म्हणतं." तिनं आणखी दोन भेंड्या चिरल्या. "पण मारफचं कुणी काही म्हणालं का?"

"मारफ कोण?"

"माझा भाऊ. तुझा मामा."

फायकला मामा होता, हे त्याला साठाव्या वर्षी कळत होतं. आई खाली मान घालून बोलत राहिली. आगानं मारफला उचलून नेलं, तबेल्यात कोंडलं. चार दिवस. रोज मारायचे. तिसऱ्या दिवशी त्याच्या कानातून रक्त आलेलं तिनं पाहिलं, भाकरी द्यायला तीच जायची. चौथ्या दिवशी बाप उठला, आगाच्या वाड्यावर गेला आणि गुहेची जागा सांगून आला.

"म्हणजे पोरासाठी," फायक म्हणाला.

"पोरासाठी. आणि त्याच पोरानं बापाशी बोलणं टाकलं. म्हणाला, मी तोंड उघडलं नाही आणि तुम्ही उघडलंत. बसऱ्याला गेला गोदीत कामाला. एक चिठ्ठी नाही, निरोप नाही. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं नाही. बाबांना सोसवत नव्हतं."

पुढच्या खेपेला गाडी शहराबाहेर पडताच फायकनं सगळं सांगून टाकलं. मामोस्ता आधी भडकल्या. "माझ्याशेजारी बसून ऐकत होतात, आणि एक शब्द नाही?"

"काय सांगणार होतो? की ज्याला पोरं ढेकळं मारतात तो माझा आजा?"

पुढच्या वळणावर मामोस्तांनी विचारलं, "तुमच्या आई माझ्याशी बोलतील?"

खुन्चेनं आधी साफ नकार दिला. ते यंत्र माझ्यासमोर आणायचं नाही, म्हणाली. आठवडाभरानं स्वतःच फायकला म्हणाली, "बोलेन. पण तिथे जाऊन. त्या तोफिकच्या समोर."

अडुसष्ट वर्षांनी ती कानीहंजीरला उतरली. झऱ्याजवळचं अंजिराचं झाड कुठे गेलं, एवढंच तिनं विचारलं. तोफिक दारात आले, डोळे बारीक करून बघत राहिले.

"खुन्चे?"

"तीच. दात नाहीत आता, पण तीच."

"ये, माझ्या डोळ्यांवर ये," म्हणत त्यांनी तिला स्वतःच्या गादीवर बसवलं. तिनं चहाची वाटही पाहिली नाही.

"तोफिक, मी भाकरी घेऊन जायचे तेव्हा आगाचं कुत्रं कोण धरायचं?"

तोफिकनी मामोस्तांच्या रेकॉर्डरकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी धरायचो."

"म्हणजे मारफ आत होता, हे तुला ठाऊक होतं."

"मला काय, सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग सांगत का नाहीस?"

"कसं सांगू? आमचं घर बाहेर काढलं गं, खुन्चे. माझी आई त्या हिवाळ्यात उघड्यावर मेली. मारफचं सांगितलं की मग शिव्या कुणाला द्यायच्या?" ते थांबले. "पुढे मास्तरनं नाटक लिहिलं. त्याला मी सांगितलं होतं तबेल्याचं. तो म्हणाला, मामा, तेवढं दाखवलं तर लोकांना कोयखाची दया येईल, नाटक पडेल."

तोफिकची आई कशी गेली, हे खुन्चेला माहीत नव्हतं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग दोघांनी मिळून मामोस्तांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. भांडत, एकमेकांना खोडत. गुहेत किती पोती होती, यावर तर दोघांचा आवाज चढला.

पुस्तक दीड वर्षानं आलं. कानीहंजीरला त्यात दोन पानं होती. नाटकातली गोष्ट, तोफिकची आणि खुन्चेची, तिन्ही एकाखाली एक. फायक मामोस्तांच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

"पण मामोस्ता, माझे आजोबा फितूर होते की नव्हते? तुम्ही तर काहीच लिहिलं नाहीत."

"जे कळलं ते सगळं लिहिलं, काक फायक. हे मला ठरवता येत नाही."

त्याला ते पटलं नाही. इतकं शिकून ठरवता येत नसेल तर कुणी ठरवायचं? घरी त्यानं आईला ती पानं दोनदा वाचून दाखवली. तिनं डोळे मिटून ऐकली.

"अठरा लिहिलंय त्यांनी. मारफ सतराचा होता. सांग त्यांना."

त्यानं फोन केला. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं मामोस्ता म्हणाल्या. आई म्हणाली, "मग तोवर थांबायला हवं मला." आणि मारफचं नाव आलेली ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली.

नाटक त्याही नवरोजला झालं, ढेकळांसकट. तोफिक म्हणे पुढच्या रांगेतून उठून घरी गेले.

उन्हाळ्यात फायक आणि मामोस्ता नव्या खोऱ्यात हिंडू लागले. फायक आता पहिल्यासारखा गप्प बसत नाही. चहा आला, म्हातारे खुलले, की मामोस्तांच्या आधी तोच विचारतो, "मामा, त्या साली गाव सोडून कोण कोण गेलं?"