मादामची काठी

मादाम सोलांज सूप वाढण्याआधीसुद्धा काठी जमिनीवर तीनदा आपटायच्या. फ्रान्समध्ये नाटकाचा पडदा असाच उघडतो म्हणे. आपल्याकडे तिसरी घंटा होते. परभणीच्या नाट्यगृहात ती घंटा माझे बाबा द्यायचे, हे कळल्यावर मादामनी मला स्टेट कॉलेज या अमेरिकन गावातल्या आपल्या नाट्यवर्गात ओढलंच. मी इंजिनिअर, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी नाटकात काय करणार? म्हणाल्या, "घंटेवाल्याची मुलगी आहेस. वेळेवर तरी येशील."

पॅरिसमध्ये असताना मादाम दिवसा वर्तमानपत्रात लिहायच्या आणि संध्याकाळी त्याच बातम्यांची नाटकं करायच्या. एका मंत्र्यावर लिहिलं, तर कुणीतरी त्यांचं छोटं थिएटर जाळलं. तेव्हापासून कुठेही बसल्या तरी पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. "शूर नाही गं मी," म्हणायच्या. "भित्रीच आहे. फक्त माझ्या भीतीला लिहायची खोड आहे."

गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या एका परदेशी विद्यार्थ्याला इमिग्रेशनच्या माणसांनी सकाळी दार ठोठावून नेलं. मादामनी त्यावर लेख लिहिला, मग नाटक. मुख्य भूमिका मला. लगेच त्यांना निनावी फोन आला: नाटक केलंत तर त्या मुलीचं नाव इमिग्रेशनला कळवू. मादामनी ते माझ्यापासून लपवलं नाही. "नाही म्हणालीस तरी सूप मिळेल," एवढंच म्हणाल्या.

रूममेट मृणाल भडकली. "वेडी आहेस का यार? व्हिसा कॅन्सल झाला तर? मास्टर्सला एक सेमिस्टर उरलंय! कोण लागते ती तुझी?"

पिझ्झावाल्यानं दार वाजवलं तरी मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावायची. शेवटी मादामना विचारलं, "फोन आला तेव्हा तुमचा हात नाही थरथरला?"

"थरथरला की! म्हणून तर काठी धरते. हात थरथरला की ती आपोआप वाजते. झालं, नाटक सुरू."

प्रयोगाच्या आठवड्यातच मादाम झोपेत गेल्या. प्रयोग रद्द करायचा का, असं मला कुणी विचारलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

प्रयोगाच्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पडद्यामागे मी त्यांची काठी घेऊन उभी होते. फटीतून पाहिलं तर शेवटच्या रांगेत दोन अनोळखी पुरुष, अंगातले कोट न काढता बसलेले.

"मागच्या दारानं निघूया," मृणाल कुजबुजली. "प्लीज."

हात थरथरायला लागला आणि काठी फळ्यांवर वाजली. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा मात्र मी आपटली.