बरणीतला खडा

मी तेव्हा सातवीत होते, म्हणजे साठ सालाच्या आगेमागे, आणि आम्ही कानडी मुलखात राहायचो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी तुरटीचा खडा वाढवत होते. तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून आणलेली तुरटी गरम पाण्यात मावेल तेवढी विरघळवायची, पाणी निवलं की दोऱ्याला बांधलेला एक कण त्यात सोडायचा आणि बरणीवर फडकं बांधून वाट पाहायची, एवढंच काम. पण तीन आठवड्यांत त्या नितळ पाण्यातून सुपारीएवढा खडा तयार झाला, आठ पैलूंचा, आरपार दिसणारा. कुणी घासला नव्हता की तासला नव्हता. पाण्याला असे कोपरे काढता येतात कसे, या विचारात मी शाळेत जायची आणि घरी यायची.

मग आमच्या बाईंनी बजावलं, आता आठवडाभर बरणी हलवू नकोस, फडकं सोडू नकोस. मी चार दिवस कशीबशी कळ काढली. रविवारी सकाळी राहवेना म्हणून फडकं सोडलं, तर आत नुसता दोरा.

आईनं सहज सांगितलं की पाणी आटत चाललेलं दिसलं, म्हणून ती रोज सकाळी तांब्यानं थोडं घालत होती. भरलेलं भांडं उणं होऊ द्यायचं नाही, ही तिची बेळगावकडची जन्माची सवय. पाण्यानं माझा खडा परत गिळला होता.

माझा पारा चढला. प्रदर्शन शुक्रवारवर आलेलं. मी तिला नाही नाही ते बोलले. तू चौथी शिकलेली, तुला यातलं काय कळतं, इथपर्यंत. आणि वर मीच भोकाड पसरलं.

 आईनं बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"कुठं जातंय ते? पाण्यातच हाय की."

तिनं ते पाणी टवके उडालेल्या जुन्या पातेल्यात ओतून शेगडीवर ठेवलं. संपृक्त द्रावणाची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण ते झालं हे ओळखायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. आई मात्र लाडवाचा पाक बघावा तशी बघत होती. चमच्यानं एक थेंब बशीत टाकायची आणि बशी तिरकी करायची. पहिले थेंब नुसते ओघळले. "स्वल्प थांब," ती म्हणाली; 'थोडं'साठी तिच्या तोंडी हा कानडी शब्दच यायचा. मग एक थेंब निवला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या कडेला चमचमते कण उमटले. क्षणापूर्वी तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. ज्याच्यासाठी मी रडले ते सगळं त्या पातेल्यातच होतं, कणभरही कमी झालेलं नव्हतं, आणि हे कळायला आईला पुस्तक लागलं नव्हतं. देवळातही कधी वाटलं नाही असं काहीतरी मला त्या शेगडीपुढे वाटलं.

शुक्रवारपर्यंत दोऱ्यावर नवा खडा धरला. पहिल्यापेक्षा लहान, पण जास्त नितळ.

प्रदर्शनाला आई ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली. परीक्षक बाईंनी खडा खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि मला कानडीत विचारलं, घरी कुणाची मदत झाली का. मी ताठ उभी राहून कानडीतच सांगितलं, "कुणाचीच नाही. सगळं मीच केलं."

आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला कानडी माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.