तारेने बांधलेली तोंडं

मोडलेले जबडे आणि चेहरे जोडायचं माझं काम. बडोद्यात इतकी वर्षं हेच करतोय, त्यामुळे मित्र जमले की फर्माईश ठरलेली, "डॉक्टर, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या!" किस्से चिक्कार साठलेत हो, पण सांगताना हसू कमी आणि संताप जास्त येतो!

परवा हरणी भागातला एक कॉलेजकुमार आला. बाइक घसरून जबडा मोडलेला. "हेल्मेट?" मी विचारलं. आई ताडकन म्हणाली, "होतं ना! हे बघा, एक ओरखडासुद्धा नाही!" कसा असेल? चिरंजीवांनी ते कोपरात अडकवलं होतं!

एका काकांचा जबडा गुटख्याच्या कॅन्सरपायी काढावा लागला. दिवसभर खपून आम्ही पायाच्या हाडाचा नवा बसवला. तपासणीला आले, तर खिशातून पुडी डोकावतेय! मी भडकलो. काका शांतपणे म्हणाले, "साहेब, आ तो पायाचं हाड छे ने! त्याला काय होतंय?"

जबडा जुळेपर्यंत वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवतो. उलटी झाली तर जीव गुदमरू नये, म्हणून तार कापायचा कटर घरच्यांकडे देतो. अकोटा भागातल्या एका काकूंनी मुलाच्या तारा चार दिवसांत कापल्या. "उलटी झाली?" "छे हो! पुरणपोळ्या केल्या होत्या. बिचारा नुसता बघत बसला होता!" पुन्हा भूल, पुन्हा तारा. वर माझ्या टेबलावर पुरणपोळ्यांचा डबा!

पण डोकं खरं फिरतं ते एका वाक्याने. "बाथरूममध्ये पडली." किती बायका आमच्याकडे बाथरूममध्ये पडून येतात! सावली गावाकडची सविताबेन अशीच आली. जबडा मोडलेला आणि गळ्यावर बोटांचे वळ. "बाथरूममध्ये पडली," नवरा म्हणाला. तोंड बांधलेलं तिचं, आणि उत्तरं याची! त्याला बाहेर बसवून विचारलं तरी ती मान खाली घालायची. पोलिसांना कळवलं, तर त्यांनीही त्यालाच विचारलं! हिला परत याच्याच घरी पाठवायची, या विचाराने माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तारा काढल्या त्या दिवशी आमच्या नलिनी सिस्टर तिला म्हणाल्या, "बेन, काहीतरी बोलून बघा."

नवरा दारातून हसला, "बोल ने! साहेबांना सांग, आता बाथरूममध्ये जपून जाईन."

तिने जबडा हळूच हलवून पाहिला. मग त्याच्याकडे बघत मला म्हणाली,

"साहेब, आमच्या घरात बाथरूमच नाही."