कुणाकडं आलायसा?

परदेशी निघालेल्या माणसाला लोक सल्ले देतात ते पासपोर्ट जपण्याचे, थंडीचे आणि लोणच्याच्या बरणीला तीन पिशव्या घालण्याचे. मला सुरक्षिततेबद्दल आणि व्हिसाबद्दल जे काही कळलं, ते एका जर्मन बाईकडून. तेही गडमुडशिंगीत, आमच्या घराच्या सोप्यात चटईवर बसून.

ही बाई पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. आमच्या शिरोलीच्या फौंड्रीतून तिच्या कंपनीला ओतीव लोखंडाची कास्टिंग जातात आणि ती तपासायला ही बाई वर्षातून दोनदा येते. मी तिथं क्वालिटीत आहे. पहिल्याच फेरीत तिने आमचा अख्खा लॉट नापास केला. वर भट्टीजवळ एकाच्या पायात साधी चप्पल दिसली म्हणून मालकांना सगळ्यांसमोर झापलं. मला ती तिथंच आवडली. मालकांना झापणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

एका रविवारी मी तिला घरी जेवायला बोलावलं. स्कूटरवरून न्यायला येते म्हटलं तर नको म्हणाली. "तुमच्या माणसांची मला भीती नाही, स्कूटरची आहे. हायवेला उलट्या बाजूने येता तुम्ही." हे खरंच होतं, त्यामुळे मी तिला बसचा नंबर सांगितला. ती कोल्हापुरातून सिटी बसने एकटीच आली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं? कुणाकडं आलायसा?" तिने फोनवरचा माझा फोटो दाखवला. स्टॉपवर पानटपरीवाल्याने तेच विचारलं. पुढे आमच्या गल्लीतल्या विहारातून बाहेर पडणाऱ्या दोघी बायकांनी विचारलं आणि तिला थेट उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं. तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती आणि आईने तव्यावर भाकरी टाकली होती.

बाईने बरेच देश पालथे घातलेत. जेवताना खर्ड्याने डोळ्यांत पाणी आलेलं, तशातच ती म्हणाली, "प्रत्येक विमानतळावर मला हेच विचारतात. कुठून आलात, कुणाकडे, किती दिवस, परत कधी जाणार. तिथं मला आत घ्यायचं की नाही हे ठरवायला विचारतात. तुमच्याकडे जेवायला पोचवायला विचारतात." तिचं म्हणणं होतं की कुठलं गाव सुरक्षित आहे हे ती रस्त्यावरच्या दिव्यांवरून ठरवत नाही, अनोळखी माणसाला तिथं कोण आणि किती वेळा विचारतं त्यावरून ठरवते. मी हे आईला मराठीत सांगितलं. आईला त्यात कौतुकासारखं काही दिसेना.

"इचारलं न्हाई तर कळंल कसं?" ती म्हणाली आणि बाईच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पुढच्या खेपेला बाई हॉटेल सोडून दोन रात्री आमच्याकडेच राहिली. परदेशी माणूस घरी उतरलं की पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं, ते मी कळवलं. मला वाटलं होतं आई कुरकुरेल, पण तिला नियम एकदम पटला. "रीतसर हाय की. गावात आल्यालं माणूस ठावं पायजे." बाईलाही तो पटला होता. कुठल्या देशाच्या व्हिसासाठी कितीदा हेलपाटे घातले याच्या गोष्टी तिच्याकडे भरपूर होत्या, पण नियमावर ती कधी चिडलेली दिसली नाही. दाराला कडी असतेच, कडीवर कशाला रागवायचं, असा तिचा स्वभाव.

त्या दोन दिवसांत ती आईला आक्का म्हणायला लागली आणि आईने मला हुकूम सोडला, "मॅडम-बिडम ऱ्हाऊ दे. माझी भण हाय ती. मावशी म्हण." तेव्हापासून ती माझी मावशी. मोडकंतोडकं मराठी ती आमच्याकडूनच शिकली, त्यामुळे कोल्हापूरच्या आम्हा बायकांसारखीच "मी आलो, मी जेवलो" असं बोलते. पुण्याच्या एका पाहुणीने तिला सुधारायचा प्रयत्न केला, तर तिने ऐकून घेतलं आणि "बरं, मी बघतो" म्हणाली.

मग आमच्या फौंड्रीने मापं घेणारं नवं मशीन घ्यायचं ठरवलं. ते शिकायला तीन महिने जर्मनीला, त्या मशीनच्या कंपनीत, एकाला पाठवायचं होतं आणि परत आल्यावर ते मशीन त्याच्याच हाती राहणार होतं. मालकांनी माझं नाव घातलं. मला जायचं होतं. इतकी वर्षं हातात टॉर्च आणि मापाचा व्हर्निअर घेऊन कास्टिंगमधली भोकं शोधत उभी राहिले होते. असं काही माझ्या वाट्याला येईल असं मी कधी धरून चालले नव्हते, आणि आता आलं होतं तर सोडवत नव्हतं. आईला मात्र तो विषयच नको होता. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. "जितं कुणी इचारणारं न्हाई तितं पोरीनं तीन म्हैने ऱ्हायाचं?" एवढं एकच ती दिवसभर म्हणे.

मी मुंबईला व्हिसासाठी गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "तिथं तुमचे कोणी नातेवाईक आहेत का?"

आता आमच्याकडे परक्या गावात गेल्यावर पहिलं हेच सांगायचं असतं. आपलं माणूस आहे म्हटलं की सगळे निर्धास्त होतात, बसायला खुर्ची येते, चहा येतो. मी मान ताठ करून सांगितलं, "हो. मावशी आहे."

"आईची सख्खी बहीण?"

"सख्खीपेक्षा जवळची. पण ती जर्मन आहे."

बाईंनी चष्मा काढला. माझ्या कागदांत कंपनीचं आमंत्रण होतं, मावशी कुठंच नव्हती. मी जेवढं समजावत गेले तेवढी ती मावशी जास्तच संशयास्पद होत गेली. काही दिवसांनी पासपोर्ट परत आला, सोबत नकार. मुक्कामाचा उद्देश आणि तिथले संबंध पटण्यासारखे नाहीत, असं कारण होतं. पुन्हा अर्ज करता येईल, असंही लिहिलेलं होतं. आई "बरं झालं" म्हणाली आणि दळण घेऊन गिरणीत गेली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

महिन्याभरात मावशी कामासाठी आली. मी घडलेलं सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग माझा चेहरा बघून थांबली. म्हणाली, "नियमाला नाती कळत नाहीत, कागद कळतात. त्याची त्यात चूक नाही. ज्याचं तिथं कुणी नाही तो परत जाईल, असं नियम धरतो. तू कंपनीकडून, कंपनीकडे, कामासाठी चाललीस. तेवढंच खरं सांग."

"उलटंच की," आई म्हणाली. "ज्येचं कुणी न्हाई त्येलाच आत घ्यायचं?" आणि मग तिने मावशीची उलटतपासणीच सुरू केली. मी मधे बसून भाषांतर करत होते. रात्री पोरगी एकटी चालू शकते? मावशी म्हणाली, शकते, मी आयुष्यभर चालले आहे. गाड्या? वेळेवर. दवाखाना? चांगला.

"आन् तितं तिला कोण इचारंल?"

मावशी म्हणाली, "कोणी नाही. लोक चांगले आहेत, पण ती दोन दिवस तापाने पडली तरी शेजाऱ्याला कळणार नाही."

हे भाषांतर मला गिळून टाकावंसं वाटलं. "लोक चांगले आहेत" एवढंच सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण आई माझ्याकडे बघत होती आणि मावशीही. मी सगळं सांगितलं. आता संपलं, असं मनात धरूनच सांगितलं.

आई मावशीला म्हणाली, "मग तू कशाला हाईस?"

हे मावशीला भाषांतराशिवाय कळलं. "मी इचारतो, आक्का," ती म्हणाली. "रोज इचारतो."

आई उठली आणि चटणीसाठी खोबरं किसायला बसली. विषय तिथंच मिटला. नंतर कधीतरी मला म्हणाली, "समदं ग्वाड ग्वाड बोलली असती तर पाठवलं नसतं तुला."

दुसऱ्यांदा खिडकीवर तोच प्रश्न आला. तिथं तुमचं कोणी आहे? मी म्हटलं, "नाही." कागदाच्या हिशेबाने ते शंभर टक्के खरं होतं, तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. व्हिसा मिळाला. आईला फोन केला तर तिने पहिलं विचारलं, "न्हाई म्हणालीस व्हय?" मी हो म्हटलं. "असू दे," ती म्हणाली, "तितं पोचल्यावर हाय म्हण."

निघायच्या दिवशी आम्ही विहारात जाऊन आलो. गल्ली गोळा झाली. जर्मनीच्या विमानतळावर गणवेशातल्या तरुणाने इंग्रजीत विचारलं, कशासाठी, किती दिवस, इथं कुणाला ओळखता. "कंपनीला," मी म्हणाले. त्याने शिक्का मारला. भला माणूस होता, हसलाही. मी बॅग ओढत बाहेर आले. सगळीकडे लखलखीत दिवे, रांगेत चालणारी माणसं, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आई म्हणत होती ते हेच, असं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या कठड्यापलीकडून बसस्टॉपवर मारतात तशी हाळी आली.

"पावणं, कुठलं म्हणायचं?"

आजूबाजूची दहा माणसं वळून बघायला लागली. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहऱ्यावर हसू नाही, अगदी आमच्या टपरीवाल्यासारखी.

"गडमुडशिंगी," मी म्हणाले.

"कुणाकडं आलायसा?"

"मावशीकडं," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. "मावशीकडं आलोय की."